मोटारीतील वाटाड्या

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या वास्तव्य करून असलेल्या मराठी कुटुंबांचा एक प्रवास ठरलेला असतो. इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी जेजुरीला किंवा तुळजापूरला निघतात, बडोद्याची कोल्हापूरच्या अंबाबाईला, हैदराबादची माहूरला, बेळगावची मंगेशी-शांतादुर्गेला. कधी लग्नमुंज असते, कधी नवस फेडायचा असतो, तर कधी वडिलोपार्जित घराची कौले शाबूत आहेत की नाहीत एवढेच पाहून यायचे असते. पूर्वी हा प्रवास आगगाडीने आणि एस. टी.ने होई. आता तो पुष्कळ घरांतून स्वतःच्या मोटारीने होतो. आगगाडीत बसणाऱ्याला वाटेची चिंता नसते. मोटार हाकणाऱ्याला ती दर फाट्यावर असते. त्यातून घरातील ज्या वडीलधाऱ्यांना “ओढा ओलांडला की उजव्या हाताला वळा” असे खात्रीने सांगता येई, ती पिढी आता मागे सरत चालली आहे.

अशा वेळी जी.पी.एस. या नावाने ओळखले जाणारे वाट दाखविणारे यंत्र घरात येते. कोणी मोबाईलवर काम भागवितो, कोणी मोटारीच्या काचेला चिकटविण्याचे स्वतंत्र यंत्र विकत घेण्याच्या विचारात असतो, तर कोणाला परदेशातील मुलाने ते भेट म्हणून आणून दिलेले असते. या यंत्राला आपण सरळ ‘वाटाड्या’ म्हणू. त्याच्याविषयी तीन प्रश्न नेहमी विचारले जातात. मोबाईल असताना वेगळा वाटाड्या घ्यावा काय? घ्यायचा तर तो कसा पारखावा? आणि त्याच्यावर कितपत विसंबावे? तिसरा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण पहिल्या दोहोंत पैशाचा प्रश्न आहे, तिसऱ्यात जिवाचा. म्हणून आरंभ तेथूनच करू.

वाटाड्याला काय कळते?

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह दिवसातून दोन वेळा पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत असतात. साऱ्या पृथ्वीचा कारभार चालण्यास किमान २४ उपग्रह लागतात. प्रत्यक्षात त्यांहून काही अधिक ठेवलेले असतात. प्रत्येक उपग्रहावर अत्यंत काटेकोर असे अणुघड्याळ असते. “या क्षणी किती वाजले आणि या क्षणी मी कोठे आहे” एवढेच तो उपग्रह अखंड सांगत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या गतीने, खाली येतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून उपग्रह किती दूर आहे ते यंत्र काढते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की आपले ठिकाण निश्चित होऊ शकते. परंतु आपल्या यंत्रातील घड्याळ साधे, स्वस्त असते. त्याची चूक सुधारून घेण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

येथे वेळेचे महत्त्व किती आहे ते पाहण्यासारखे आहे. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. आइन्स्टाईनच्या सापेक्षतावादानुसार उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक घोटाळा झाला असता. पुस्तकातले अवघड शास्त्र घरच्या मोटारीच्या उपयोगी पडण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपला वाटाड्या उपग्रहाला काहीही कळवीत नाही. आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओप्रमाणे तो केवळ ऐकतो. म्हणून ठिकाण कळण्यासाठी सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि कोणाला वर्गणीही द्यावी लागत नाही. दुकानदार ‘जी.पी.एस.चे वार्षिक शुल्क’ म्हणून काही मागत असेल, तर ते नकाशाचे किंवा वाहतुकीच्या बातम्यांचे असेल, उपग्रहांचे नव्हे.

ही व्यवस्था मुळात अमेरिकेच्या सैन्याची. पहिला उपग्रह १९७८ मध्ये आकाशात गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यात २६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्याच महिन्यात अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही सेवा तयार होताच नागरिकांसही खुली राहील असे जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णत्वास गेली. तथापि नागरिकांना मिळणारे संकेत मुद्दाम थोडे बिघडवून दिले जात. त्यामुळे शंभर-शंभर मीटरचा फरक पडे. मे २००० मध्ये हा बिघाड बंद करण्यात आला. मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरांत ठिकाण सांगणारा वाटाड्या सामान्य माणसाच्या मोटारीत आला तो त्यानंतर. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइदोऊ या व्यवस्थाही आज आहेत. आपल्या देशाने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रहांची ‘नाविक’ ही प्रादेशिक व्यवस्था उभी केली. तिच्या काही उपग्रहांवरील अणुघड्याळे पुढे बंद पडली, आणि ती बदलण्यासाठी नवे उपग्रह पाठविण्याचे काम हाती घ्यावे लागले. एकाहून अधिक व्यवस्था ऐकू शकणारे यंत्र घाटात आणि उंच इमारतींच्या गर्दीत अधिक भरवशाचे ठरते, कारण तेथे आकाशाचा तुकडाच लहान दिसतो.

वाटाड्याला काय कळत नाही?

वरील वर्णनात ‘रस्ता’ हा शब्द कोठेही आला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. उपग्रहाला रस्ता ठाऊक नसतो. पूल ठाऊक नसतो. पुलावरून पाणी वाहते आहे की नाही हे तर मुळीच ठाऊक नसते. आकाशातून येते ते केवळ ठिकाण. रस्ता येतो तो नकाशातून. आणि नकाशा माणसांनी, केव्हा तरी, कोणत्या तरी माहितीवरून केलेला असतो. यंत्राच्या पडद्यावर या दोन गोष्टी एकमेकींवर इतक्या बेमालूम बसविलेल्या असतात, की ठिकाणाचा अचूकपणा आपण नकळत नकाशालाही बहाल करतो. सारा धोका या एका गफलतीत आहे.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून कळसूबाईच्या शिखराकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. तेथील पूल वर्षाचे काही महिने वापरात असतो; धरणाचे पाणी चढले की तो बुडतो. नकाशाला ऋतू कळत नाही. दोघे पोहून बाहेर आले, मोटार चालविणारा बुडाला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेली जिल्ह्यातील फरीदपूरजवळ रामगंगेच्या पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघे ठार झाले. पुलाचा पुढचा भाग पुराने पूर्वीच वाहून गेला होता. नकाशावर तो अखंड होता. पुलाच्या तोंडाशी वाहने अडविण्याची पुरेशी व्यवस्थाही नव्हती.

याच सुमारास, डिसेंबर २०२४ मध्ये, बिहारमधून गोव्याकडे निघालेले एक कुटुंब खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलात शिरले. जवळची वाट म्हणून यंत्राने तो रस्ता दाखविला होता. आत गेल्यावर मोबाईलचा संपर्क तुटला. रात्र तशीच मोटारीत काढून, काही किलोमीटर पायी चालल्यावर संपर्क मिळाला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. बेळगाव-खानापूरच्या आमच्या वाचकांना त्या जंगलाची जात ठाऊक आहे. तेथील कोणाही माणसाने त्या कुटुंबास एका वाक्यात परत फिरविले असते. परंतु विचारण्याचे कारणच यंत्राने उरू दिले नव्हते.

या तिन्ही ठिकाणी यंत्राने मोटारीचे ठिकाण चुकीचे सांगितले असे कोणी म्हटलेले नाही. चूक होती ती रस्त्याच्या माहितीत. म्हणून वाटाड्या घेताना आणि वापरताना एक भेद सदैव मनात ठेवावा: ‘मी कोठे आहे’ याविषयी त्याचे म्हणणे सहसा मानावे, ‘पुढे काय आहे’ याविषयी त्याचे म्हणणे तपासून घ्यावे. पुढील सर्व सूचना या एका भेदातूनच निघालेल्या आहेत.

मोबाईल की स्वतंत्र यंत्र?

ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने मोबाईलवर फुकट मार्गदर्शन देण्यास प्रथम अमेरिकेत आरंभ केला, तेव्हापासून स्वतंत्र यंत्रांचा बाजार आक्रसत गेला. गार्मिन, टॉमटॉम आणि आपल्याकडे मॅपमायइंडिया ही या क्षेत्रातील परिचित नावे. त्यांच्या कामाचा मोठा भाग आज मोटारीत कारखान्यातूनच बसविलेले पडदे, मोबाईलवरील नकाशे आणि इतर उपकरणे यांकडे वळलेला आहे. तेव्हा शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने स्वतंत्र यंत्रावर पैसे घालू नयेत असेच आम्ही म्हणू. रहदारीची ताजी बातमी मोबाईल अधिक चांगली देतो, कारण त्याच रस्त्यावरील इतर मोबाईलधारकांच्या गतीवरून ती बातमी तयार होत असते.

स्वतंत्र यंत्राची बाजू वेगळ्या ठिकाणी बळकट आहे. त्याचा नकाशा त्याच्या पोटातच असतो; संपर्क तुटला तरी तो नाहीसा होत नाही. पाच ते सात इंचांचा पडदा पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना सोयीचा असतो. वाट दाखविताना मध्येच फोन वाजत नाही, किंवा फोनवर बोलताना वाट नाहीशी होत नाही. उन्हात काचेमागे तासन्‌तास तापून मोबाईल मान टाकतो, ही तक्रार उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्या सर्वांच्या परिचयाची आहे. मोटारीतच वापरण्यासाठी केलेले यंत्र त्या मानाने टिकाव धरते. तेही मोटार उभी करून जाताना उन्हात ठेवू नये, हे वेगळे.

ज्यांना स्वतंत्र यंत्र घ्यायचे नाही त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. प्रवासाच्या पट्ट्याचा नकाशा घरच्या वाय-फायवरच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. असा उतरविलेला नकाशा संपर्काशिवायही वाट दाखवितो. मात्र रहदारीची बातमी त्यात मिळत नाही, आणि ठराविक मुदतीनंतर तो नव्याने उतरवून घ्यावा लागतो. दिवाळीत उतरविलेला नकाशा मे महिन्यात चालेलच असे गृहीत धरू नये.

विकत घेताना

पहिली आणि मोठी पारख नकाशाची. परदेशातील मुलाने किंवा भाच्याने प्रेमाने आणलेल्या यंत्रात पुष्कळदा अमेरिकेचा किंवा युरोपचाच नकाशा असतो. यंत्राला इंदूरच्या राजवाड्यासमोर आपले अक्षांश-रेखांश अचूक कळतील, पण पडद्यावर कोरा कागद दिसेल. भारताचा नकाशा आत आहे काय, नसल्यास तो स्वतंत्रपणे मिळतो काय आणि कितीला, हे आणणाऱ्यास आधीच कळवावे. काही यंत्रांत ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या, स्वयंसेवकांनी २००४ पासून तयार केलेल्या, नकाशावरून बनविलेले मोफत नकाशे भरता येतात; परंतु त्यासाठी घरात संगणकाची हातोटी असलेले कोणी असावे.

दुसरी पारख नकाशाच्या वयाची. ही दुकानातच करता येते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. यंत्राला हा अखेरचा टप्पा दाखविण्यास सांगावे. दाखविता आला नाही, तर त्यातील नकाशा त्यापूर्वीचा आहे असे समजावे. असल्या यंत्राने नवीन महामार्गावर आपली मोटार माळरानातून धावताना दाखविली, तर नवल नाही. महामार्गांचे क्रमांकही पाहावेत. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावण्यात आले. मुंबई-गोवा रस्ता पूर्वीचा १७, आता ६६. पुण्याहून बेळगावकडे जाणारा पूर्वीचा ४, आता ४८. जुन्या क्रमांकाने वाट सांगणारे यंत्र आणि नव्या क्रमांकाची पाटी यांच्यामध्ये प्रवासी गोंधळतो.

तिसरी पारख आपल्या गावाची. दुकानदार मोठ्या शहरांचे रस्ते दाखवून दिपवितो. आपण त्याला आपले मूळ गाव, कुलदैवताचे देऊळ आणि सासर किंवा माहेर अशी आपल्या माहितीची तीन ठिकाणे काढून दाखविण्यास सांगावे. ज्या यंत्राला आपल्या गावचा फाटा ठाऊक नाही, त्याला न्यूयॉर्क ठाऊक असून आपल्याला काय उपयोग?

चौथी गोष्ट ‘आजीवन नकाशा’ या शब्दाची. हे आजीवन म्हणजे घेणाऱ्याचे आयुष्य नव्हे. कंपनी त्या यंत्रासाठी नवे नकाशे काढीत राहील तेवढाच काळ. यंत्रात जागा अपुरी पडली किंवा कंपनीने ते यंत्र वाऱ्यावर सोडले, की हे आयुष्य संपते. म्हणून हे अभिवचन कागदावर नीट वाचावे, आणि नवा नकाशा वाय-फायवर भरता येतो की संगणकाला जोडावे लागते, हेही विचारावे.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. जी.पी.एस.मध्ये आठवडे मोजण्याचा मूळ आकडा १०२४ आठवड्यांनी, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोड्या अधिक काळाने, पुन्हा शून्यावर येतो. असे अखेरचे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले. यापुढे ते नोव्हेंबर २०३८ मध्ये घडेल. काही जुन्या यंत्रांत त्यामुळे तारीख वीसएक वर्षे मागची दिसू लागते. जुने यंत्र सुरू करून प्रथम त्यातील तारीख पाहावी. ती चुकलेली असेल आणि दुरुस्त होत नसेल, तर व्यवहार मोडावा.

पत्ता कसा सांगावा

यंत्राला ठिकाण सांगणे हीही एक कला आहे, आणि मराठी नावांच्या बाबतीत ती थोडी अवघड आहे. पिंपळगाव, वडगाव, नांदगाव, शिरगाव या नावांची किती गावे असतील याची गणती नाही. वऱ्हाडातील अकोला आणि सह्याद्रीच्या कुशीतील अकोले यांत इंग्रजी लिपीत एकाच अक्षराचा फरक उरतो, रस्त्यावर मात्र शेकडो किलोमीटरांचा. म्हणून गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जिल्हा नेहमी द्यावा, आणि वाट सुरू करण्यापूर्वी यंत्र एकूण किती किलोमीटर दाखविते ते पाहावे. घरातील कोणाला तरी अंदाजे अंतर माहीत असतेच. आकडा त्याच्याशी जुळला नाही, तर गाव दुसरे समजावे.

नावे बदलल्याचाही विचार हवा. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, बेळगावचे सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी आहे. जुन्या नकाशाला नवे नाव कळणार नाही. आणि ‘औरंगाबाद’ म्हटल्यावर एखादे यंत्र बिहारमधील त्या नावाच्या शहराकडेही बोट दाखवील. दोन्ही नावे घालून पाहावीत. इंग्रजी अक्षरांत लिहिताना ‘व’ दोन प्रकारे लिहिला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

या साऱ्यावर उत्तम उपाय म्हणजे अक्षांश-रेखांश. एखादे देऊळ कोणत्याही नावाने नोंदलेले असो वा नसो, त्याचे अक्षांश-रेखांश बदलत नाहीत. मात्र ते लिहिण्याच्या पद्धती दोन आहेत: अंश आणि कला यांची एक, दशांशाची दुसरी. १८ अंश ३० कला म्हणजे १८.५ अंश, १८.३० नव्हे. या एका गफलतीने उत्तर-दक्षिण दिशेत २२ किलोमीटरांचा फरक पडतो. दशांश पद्धतीत चार स्थळांपर्यंत आकडा घेतला, तर सुमारे ११ मीटरपर्यंत ठिकाण बांधले जाते; घर सापडण्यास तेवढे पुरे. डाक विभागाने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ ही दहा अक्षरांची खूण सुरू केली आहे. तिच्यात देशाची भूमी सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत विभागलेली आहे. लग्नपत्रिकेवर कार्यालयाच्या पत्त्याखाली असा एक आकडा छापला, तर बाहेरगावच्या पाहुण्यांची पुष्कळ वणवण वाचेल.

रस्त्यावर

प्रवासास निघण्याच्या आदल्या दिवशी यंत्र पाच-दहा मिनिटे मोकळ्या आकाशाखाली ठेवावे. पुष्कळ दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांचे वेळापत्रक नव्याने ऐकून घ्यावे लागते. ते संपूर्ण प्रसारित होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. मोबाईलला ही माहिती संपर्कातून आयती मिळते, म्हणून तो चटकन तयार होतो. स्वतंत्र यंत्र सुस्त वाटले म्हणजे ते नादुरुस्त आहे असे नव्हे.

यंत्र काचेच्या खालच्या कोपऱ्यात, समोरचा रस्ता आणि हवेची पिशवी उघडण्याची जागा या दोहोंस आड न येईल असे बसवावे. ठिकाण घालणे, वाट बदलणे ही कामे मोटार उभी असताना करावीत, किंवा शेजारी बसलेल्या माणसाने करावीत. मोटार चालविताना हातातील फोनवर बोलण्यास मनाई आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी वाट पाहण्यापुरता फोनसारख्या साधनांचा उपयोग मान्य केला, तो चालकाचे लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. आवाज चालू ठेवून पडद्याकडे कमीत कमी पाहणे हाच मार्ग बरा.

यंत्रात ‘कमी अंतर’ आणि ‘कमी वेळ’ असे दोन पर्याय असतात. ‘कमी अंतर’ हा पर्याय आम्ही कुटुंबासह प्रवास करणाऱ्यास सुचविणार नाही. दोन किलोमीटर वाचविण्यासाठी तो बैलगाडीच्या वाटेवर नेऊन सोडील. कच्चे रस्ते टाळण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. घाटाच्या बाबतीत तर निर्णय यंत्रावर सोडूच नये. बेळगावहून पणजीला चोर्ला घाटानेही जाता येते आणि अनमोड घाटानेही. पावसाळ्यात कोठे दरड आली आहे, कोणता रस्ता बंद आहे, हे निघण्यापूर्वी तेथील माणसाला फोन करून विचारणे हेच शहाणपणाचे. बोगद्यात आकाश दिसत नाही, म्हणून यंत्र गप्प होते किंवा अंदाजाने बोलते. इगतपुरीजवळचा समृद्धी महामार्गाचा बोगदा सुमारे आठ किलोमीटरांचा आहे. त्यातून बाहेर पडताच लागणारे वळण आधीच पाहून ठेवावे.

रात्रीच्या प्रवासाविषयी आम्ही एक कडक नियम सुचवितो. अंधार पडल्यानंतर यंत्राने मोठा रस्ता सोडून अनोळखी, अरुंद रस्त्यावर वळण्यास सांगितले, तर वळू नये. पेट्रोलपंपावर, धाब्यावर, जागे असलेल्या पहिल्या घराशी विचारावे. रस्त्यावर पाणी दिसले, तर मोटार थांबवून मागे घ्यावी; पलीकडे रस्ता आहे असे पडद्यावर कितीही स्पष्ट दिसत असले तरी. विचारण्यात पाच मिनिटे जातात. सीमेवरच्या आपल्या लोकांना तर कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू या भाषांत वाट विचारता येते. ही देणगी यंत्र मिळाले म्हणून टाकून देऊ नये.

एक सूचना सुरक्षिततेची. यंत्रात ‘घर’ म्हणून स्वतःच्या दाराचे ठिकाण नोंदवू नये. जवळचा चौक नोंदवावा. मोटारीतून यंत्र चोरणाऱ्यास घराचा पत्ता, आणि घरची मंडळी बाहेरगावी आहेत ही बातमी, अशा दोन्ही गोष्टी त्यातूनच मिळतात.

एक काम याच सुट्टीत

शेवटी, या यंत्राचा आपल्यासारख्या घरांना होणारा एक विशेष उपयोग सांगितला पाहिजे. आपल्यापैकी अनेकांचे कुलदैवत एखाद्या आडवाटेच्या टेकडीवर असते. मूळ घराचा पाया, शेताचा बांध, पूर्वजांची समाधी ही ठिकाणे कोणत्याही नकाशात नसतात. ती घरातील एखाद्या आत्येला किंवा काकांना ठाऊक असतात, आणि त्यांच्याबरोबरच ती वाट बुजते. पुढच्या पिढीने विचारले, तर जिल्ह्याच्या नावापलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

वाटाड्याच्या अंगी अचूक असा जो एकच गुण आहे, तो येथे पुरेपूर कामी येतो. यंदा गावी जाल तेव्हा घरातील ज्येष्ठांना बरोबर न्यावे. देवळाच्या पायरीशी, घराच्या चौथऱ्याशी, विहिरीच्या काठाशी यंत्र हातात धरून एखादे मिनिट उभे राहावे आणि पडद्यावरील अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत. ते यंत्रात तर साठवावेतच, पण घरच्या वहीतही शाईने लिहावेत. कारण यंत्र पाच-दहा वर्षांत मोडीत निघते, वही टिकते. आकड्यांशेजारी ज्येष्ठांच्या तोंडच्या खुणा लिहाव्यात: फाटा कोणता, ओढा कोठे, पावसाळ्यात कोणत्या बाजूने जावे, गावात कोणाच्या घरी विचारावे. आकडे ठिकाण सांगतील आणि खुणा रस्ता सांगतील. ज्या घरच्या वहीत या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिलेल्या असतील, त्या घरच्या नातवंडांना आपले गाव शोधताना अडचण पडणार नाही.